शेवटचा फर्मा

प्राध्यापक गद्रे पुस्तक टाकून गेले.
जाडजूड, पाठ सुटलेलं, कसरीनं चाळण केलेलं.
"परदेशी कादंबरी, जुना अनुवाद," म्हणाले, "घाई नाही."
अप्पा बळवंत चौकामागच्या बोळात माझी खोली:
खळीचा डबा, टोचा, दाबयंत्र
आणि पस्तीस वर्षं
दुसऱ्यांची पुस्तकं न वाचता शिवणारा मी.

पण फर्मे लावताना थोडं वाचावं लागतं,
पानाला पान जुळतंय ना, एवढ्यापुरतं.
तसा वाचत गेलो आणि त्या माणसात अडकलो.
त्यानं कुणाचं तरी काही घेतलेलं असतं.
कुणाला कळत नाही. धंदा वाढतो, लग्न होतं,
गावच्या चर्चला तो घंटा देतो.
फक्त जेवताना मीठ मागायला
त्याचा आवाज फुटत नाही.
मग एके दिवशी निघतो. शंभर पानं बर्फातून चालतो.
एका दारावर हात उचलतो,
आणि तिथं पुस्तक संपतं.

शेवटचा फर्माच नव्हता. सोळा पानं.
दार उघडलं की नाही, कळायची सोय नाही.

त्या दिवशी खळीत मोरचूद घालायला विसरलो.

बारा जुलै, एकसष्ट.
मी विशीतला, शनिवारात, नदीकडच्या चाळीत.
द्वारकाबाई सासवडला जाताना पुरचुंडी देऊन गेल्या होत्या:
दोन पाटल्या, एक बोरमाळ.
"भावाकडे नको रे, तिथं हात फार."
पाणी आलं तेव्हा कमरेला बांधून
पर्वतीपर्यंत पळालो.
चिखल वाळायच्या आत त्या परत आल्या.
चाळ नव्हती. मला बघून आधी रडल्या,
"तू वाचलास रे बाबा."
मग विचारलं.

मी नदीकडे बोट केलं.
एवढंच. तोंडानं खोटं बोललोसुद्धा नाही.
अख्ख्या गावाचं काय काय लिहिलं गेलं
त्या वर्षी नदीच्या नावावर!
त्यात माझी एक ओळ.
कारकुनानं पंचनाम्यात घातलं: वाहून गेले.

हे दाबयंत्र बोरमाळेचं आहे.

गोखलेनगरात पूरग्रस्तांची बैठी घरं.
तिसऱ्या रांगेत चंपा, द्वारकाबाईंची मुलगी.
दारावर हात उचलला.
बर्फ नव्हता. बेल होती.
द्वारकाबाई जाऊन अकरा वर्षं झालेली.
मी बोलत होतो, ती मेथी निवडत होती.
चोर म्हणाली नाही. बसा म्हणाली नाही.
पाकीट घेतलं,
आणि मोजलं. दोनदा.
मग म्हणाली,
"बसमध्ये पूल आला की आई डोळे मिटायची.
गणपती पोचवायला काठावर कधी आली नाही.
मरेपर्यंत नदीला शिव्या घातल्या तिनं.
माझं बघू नंतर.
जिच्या नावावर घातलंत, आधी तिच्याकडे जा."

ओंकारेश्वराच्या मागं उतरलो.
पाणी कसलं, काळी धार, जलपर्णी,
पिशव्यांत बांधून सोडलेलं निर्माल्य.
एवढीशी ती. हिनं नेलं म्हणालो होतो मी.
चपला काढल्या. का, माहीत नाही.
"तू नेलं नव्हतंस," मी मोठ्यानं म्हणालो.
रिक्षा धुणारा पोरगा वळला,
"काका, मला म्हणालात?"

नदी काही म्हणाली नाही.
पाय मात्र बराच वेळ ओले राहिले.

गद्रे शनिवारी आले. पुस्तक उलटसुलट केलं,
पाठीवर बोट फिरवलं, शेवटाशी थांबले.
"ही कोरी पानं?"
"फर्मा गहाळ होता."
"मग तसंच बांधायचं. कोरी कशाला घातलीत, सोळा?"
मी दोरा तोडत होतो.
"लागतात," म्हटलं.
त्यांनी वीस रुपये कमी दिले.